तीन स्क्रूंचा स्वातंत्र्यसैनिक

आमच्या स्नेहसेतू मंडळाच्या नव्या सभागृहाला माझ्या आजेसासऱ्यांचं नाव द्यायचं ठरलं, त्या दिवशी घरात सगळ्यांत कमी बोलले ते माझे सासरे. एरवी दामोदर मांगूरकर म्हणजे भाजीवाल्याशीही अर्धा तास गप्पा मारणारा माणूस. त्या दिवशी मात्र मंडळाच्या अध्यक्षांचा फोन ऐकून ते नुसतं "सरी", म्हणजे बरं, असं म्हणाले, खुर्चीत बसले आणि स्वच्छ चष्मा पुन्हा पुन्हा पुसत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं, आणि मी सहजासहजी भरून येणाऱ्यांतली नाही.

मी सुचेता. माहेर पुण्याचं, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही तरी मी ते देते. सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मी, माझा नवरा अभिजीत आणि मामा, म्हणजे सासरे, असे तिघं राहतो. त्यांतला अभिजीत कायम मीटिंगमध्ये असतो, म्हणून या गोष्टीत तो फारसा येणार नाही. मांगूरकर मूळचे निपाणीकडचे, पण तीन पिढ्या बेंगळुरातच गेल्या. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की आता ते वेगळं काढायला कुणी जात नाही.

आजेसासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणत. रघुनंदन मांगूरकर, सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. जन्मभर त्यांनी यंत्रांचे नकाशे काढले आणि प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात सही झाली ती साहेबांची. मंडळाच्या जुन्या इमारतीसाठी त्यांनी रविवार रविवार उभं राहून काम करून घेतलं. इमारत झाली, संगमरवरी पाटी लागली, आणि पाटीवर ज्यांनी नारळ फोडला त्यांची नावं आली. आप्पा वारले तेव्हा शोकसभेत त्यांचा उल्लेख 'रघुनाथराव' असा झाला. मामा हे सगळं कुणाला सांगत नसत, पण विसरलेही नव्हते. आप्पांचं नाव कुठंतरी, चार माणसं वाचतील अशा जागी, बरोबर लिहिलेलं दिसावं, एवढी एकच इच्छा त्यांनी उराशी धरली होती.

आता ज्या मंडळाला आप्पांचं नाव नीट घेता आलं नाही, त्याला एकाएकी एवढा पुळका का आला? तर रिव्हॉल्व्हरमुळे.

मामांच्या कपाटात, कुलपात, आप्पांचं रिव्हॉल्व्हर आहे. त्याचा परवाना वारसाने मामांच्या नावावर आलेला आहे आणि वेळच्या वेळी त्याचं नूतनीकरण होतं. दर रविवारी ते बाहेर काढून मामा त्याला तेल लावतात. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर सासरा मांडीवर हत्यार घेऊन बसलेला. तरी माझ्या हातून कप पडला नाही, हे मी माहेरी अजून सांगते.

मंडळ गणपतीत स्मरणिका काढतं. तिच्यात पहिल्यांदा छापून आलं, 'रघुनंदनरावांकडे एक रिव्हॉल्व्हर होते.' एवढं खरं होतं. पुढच्या वर्षी ते रिव्हॉल्व्हर 'इंग्रजांच्या काळातले' झालं. मग 'इंग्रजांचे' झालं. मग 'इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून हिसकावलेले' झालं. त्याच्या पुढच्या अंकात बेचाळीस साल आलं, रेल्वे स्टेशन आलं, पळणारा गोरा साहेब आला. यात कुणी एक जण खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. दरवर्षी मुद्रितं तपासणाऱ्याने आपल्या पदरचं एकेक विशेषण घातलं, आणि थेंबे थेंबे तळे साचले. मी लग्न करून आले तोवर आप्पा स्वातंत्र्यसैनिक होऊन बसले होते.

मंडळाचे अध्यक्ष दयानंदअण्णा. अकरा वर्षं ते अध्यक्ष आहेत आणि दरवर्षी निवृत्तीची इच्छा व्यक्त करतात. त्यांच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच. हेब्बाळच्या बाजूच्या एका मंडळाने आपल्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत तलवार ठेवली होती, खाली पितळी पट्टी, शेजारी तज्ज्ञाचं प्रमाणपत्र. तेव्हापासून अण्णांना झोप नव्हती. नव्या सभागृहात आपलं रिव्हॉल्व्हर ठेवायचं, खाली साल कोरायचं, शेजारी प्रमाणपत्र लावायचं, आणि पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्यसैनिक रघुनंदनराव मांगूरकर सभागृहाचं उद्घाटन करायचं, असा त्यांचा बेत होता.

"तज्ज्ञ कुठनं आणणार?" मी कार्यकारिणीच्या बैठकीत विचारलं. मी सहचिटणीस आहे, म्हणजे खुर्च्या मोजायचं काम माझं.

"आहे की आपल्याकडं," अण्णा म्हणाले. "तो नवा पोरगा. क्षितिज."

क्षितिज नुकताच पुण्याहून आलेला. हेब्बाळच्या टेकपार्कात नोकरी करायचा, सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेमबाजी करायचा आणि उरलेल्या वेळात जुनी रिव्हॉल्व्हरं ओळखायचा. कुणाला कशाची हौस तर कुणाला कशाची. त्याच्याकडे कंपन्यांचे जुने कॅटलॉग होते, नंबरांच्या याद्या होत्या, आणि एखादं हत्यार कुठल्या साली कारखान्यातून बाहेर पडलं हे तो सांगू शकायचा. अडचण एकच, त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगायचा, पण अगदी खरं सांगायचा. असली माणसं मंडळात फार काळ टिकत नाहीत.

अण्णांनी आमच्या घरी येऊन मोबाइलवर रिव्हॉल्व्हरचे फोटो काढले आणि पुढच्या बैठकीत क्षितिजला दाखवले. मामा माझ्या शेजारी बसले होते, हात मांडीवर घट्ट जुळवून.

क्षितिजने फोटो मोठे करून करून पाहिले. "हे टार्गेट रिव्हॉल्व्हर आहे," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेचं. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बघा. तिला बारीक स्क्रू आहेत, ते फिरवून नेम डावी-उजवीकडे, वर-खाली करता येतो. लढाईत कोण स्क्रू फिरवत बसणार? लष्करी रिव्हॉल्व्हरला मागे साधी खाच असते. नळीवर ही चरे पाडलेली पट्टी आहे, ती नेम धरताना ऊन चमकू नये म्हणून. आणि मुठीच्या तळाशी कडी नाहीये."

"कसली कडी?"

"अधिकाऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरला दोरी अडकवायला कडी असायची. हातातून पडू नये, कुणी हिसकावू नये म्हणून."

"झालं तर!" अण्णांनी टेबलावर थाप मारली. "कडी नव्हती म्हणूनच आप्पांना हिसकावता आलं!"

टाळ्या पडल्या. क्षितिज गोंधळून थांबला, मग म्हणाला, "पण ॲक्च्युअली नंबरचा प्रॉब्लेम आहे. मुठीच्या तळाशी नंबर आहे, तो 'के' अक्षराने सुरू होतो. या कंपनीने ती मालिका महायुद्ध संपल्यावर सुरू केली. शेहेचाळीसच्या आधी हे रिव्हॉल्व्हर असूच शकत नाही."

बेचाळीस साली जे जन्मालाच आलं नव्हतं ते आप्पांनी हिसकावलं कसं, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आलं. मी मामांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"बेचाळीस काय नि शेहेचाळीस काय," खजिनदार म्हणाले, "चार वर्षांनी काय बिघडतंय?"

"बारसं आधी आणि बाळंतपण नंतर, एवढंच बिघडतंय," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. ते विचारात पडले होते, आणि अण्णा विचारात पडले की इतिहासाचं काही खरं नसतं. "अठ्ठेचाळीस!" ते एकदम म्हणाले. "हैदराबाद संस्थान. रझाकार. बिदर कुठं लांब आहे का? आप्पांनी रझाकाराकडनं हिसकावलं. काय हो दामोदरअण्णा, आप्पा बिदरला गेलेले न्हवं?"

मामा चाचरले. "एकदा... मावशीच्या लग्नाला."

"लग्नाचं निमित्त! भूमिगत माणसं असंच काहीतरी सांगतात."

आमच्या मंडळात ठराव नेहमी एकमताने होतात. ज्याचा विरोध असेल त्याने त्या वेळी चहा सांगायला बाहेर जायचं, अशी पूर्वापार रीत आहे. त्या दिवशी मी चहा सांगायला गेले. परत आले तेव्हा आप्पांनी गोऱ्या साहेबाला सोडलं होतं आणि ते रझाकारांशी लढत होते.

पण क्षितिजचं समाधान झालं नव्हतं. दोनच दिवसांनी त्याने अण्णांना फोन केला. नंबरावरून साल अजून जवळ आणता येईल, पण त्याआधी स्क्रू मोजायला हवेत. या कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला पाच स्क्रू असत, पुढे एक कमी झाला, मग आणखी एक. जितके स्क्रू कमी, तितकं हत्यार अलीकडचं.

अण्णा स्वतः आमच्याकडे आले. मामांनी रिव्हॉल्व्हर उघडून आत काही नसल्याचं पाहिलं, टेबलावर फडकं पसरून त्यावर ते ठेवलं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि उजव्या बाजूचे स्क्रू बोट लावून मोजले. "ऒंदु, एरडु, मूरु, नाल्कु. चार!" हिशेब ते नेहमी कन्नडमध्ये करतात, चुकू नये म्हणून. फोनवर पलीकडून क्षितिज म्हणाला की चार असतील तर पंचावन्न ते एकसष्ट.

अण्णांचा चेहरा उजळला. "गोवा!" ते म्हणाले. "अय्यो, आधी कसं सुचलं नाही? गोवामुक्ती! आमच्या बेळगाव-निपाणीकडनं माणसं गेलीच होती की. आप्पांनी पोर्तुगीज शिपायाकडनं हिसकावलं!"

"अण्णा, सत्याग्रही निःशस्त्र गेले होते," मी म्हटलं.

"म्हणून तर हिसकावलं. जवळ असतं तर हिसकावलं कशाला असतं?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तरी इतक्या आत्मविश्वासाने लावली की ऐकणाऱ्यालाच आपलं चुकतंय असं वाटावं. पुढच्या बैठकीत आप्पांनी बिदर सोडलं आणि ते गोव्याच्या हद्दीवर गेले. तेही एकमताने. मी पुन्हा चहा सांगितला. मामा घरी येताना गाडीत म्हणाले, "गोवा चांगलं हाय नव्हं? गोव्याला कोण आडवं बोलणार नाही."

त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की मी मान डोलावली.

प्रमाणपत्रावर सही करायच्या आधी क्षितिजला हत्यार डोळ्यांनी बघायचं होतं. एका रविवारी सकाळी तो घरी आला. मामांनी कुलूप काढलं, रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं असल्याचं त्याला दाखवलं, मग त्याच्या हातात दिलं. काळ्या-निळ्या रंगाचं, लांब नळीचं ते रिव्हॉल्व्हर क्षितिजने असं धरलं की माझं नाही म्हटलं तरी त्याच्याबद्दलचं मत थोडं सुधारलं. एखाद्याचं तान्हं मूल धरावं तसं धरलं होतं त्याने.

"चार कुठे आहेत?" तो म्हणाला. "काका, अण्णांनी लाकडी मुठीचा स्क्रू पण मोजला. तो धरत नाहीत. आणि हा वरचा, हा तर साइटचा आहे."

"मग दोनच राहिले," मी म्हटलं.

"एक मुठीखाली झाकलेला असतो." त्याने खिशातून बारीक पेचकस काढला, मामांची परवानगी घेतली, लाकूड काढलं. खाली खरंच एक स्क्रू होता. "तीन. म्हणजे एकसष्टच्या नंतरचं."

गोवा गेलं. मामा खुर्चीत मागे टेकले.

क्षितिजने गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं आणि त्याच्या दांड्यामागे चौकटीत बॅटरी मारली. तिथे बारीक आकडे ठोकलेले होते. "मॉडेल नंबर. हे नंबर सत्तावन्नपासून ठोकायला लागले. आणि नंबरापुढे आडवी रेघ आणि तीन. म्हणजे या मॉडेलमध्ये तिसऱ्यांदा बदल केला तेव्हाचं." त्याने मोबाइलमध्ये काहीतरी पाहिलं. "सदुसष्ट. त्याच्या आधीचं नाही. टेक्निकली अडुसष्ट-एकोणसत्तरही असू शकेल."

मग त्याने विचारून घोडा मागे ओढला, अंगठा लावून हळूच सोडला, पुन्हा ओढला, आणि पहिल्यांदाच तो साल सोडून दुसरं काही बोलला. "काका, याचं काम कुणीतरी फार प्रेमाने केलंय. ट्रिगर बघा ना, किती स्मूथ आहे. आणि ही मूठ कानशीने घासून हाताच्या मापाची केलीय. ज्याने हे वापरलं, तो चांगला शूटर होता."

मामांचा चेहरा एकदम बदलला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"होतेच की!" ते म्हणाले. "आप्पांनी स्वतः घासली ती मूठ. नकाशा काढून, माप घेऊन. एकाहत्तर साली घेतलं हे त्यांनी. कारखान्यात एक आर्नल्ड साहेब होते, क्लबात आप्पांच्या बरोबर नेम धरायचे. ते ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले, जाताना रीतसर आप्पांच्या नावावर करून दिलं. दर रविवारी आप्पा रेंजवर जायचे आणि मला न्यायचे. मी कागदाचे निशाण लावायचो. आणि कसं मारायचे सांगू? सहा गोळ्या, आणि कागदावर बघितलं तर एक भोक. स्वल्प मोठं, बस्स. मला म्हणायचे, दामू, हात हलला तर हाताला बोलायचं नाही, श्वासाला बोलायचं."

क्षितिज पुढे सरकून ऐकत होता. मामा उठून उभे राहिले होते आणि उजवा हात लांब धरून आप्पा कसे उभे राहायचे ते दाखवत होते. म्हातारा हात, पण थरथरत नव्हता.

क्षितिज गेल्यावर मी भांडायलाच बसले. "मामा, म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. बेचाळीस, बिदर, गोवा, सगळं खोटं आहे हे माहीत होतं. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो की गं." ते फडकं घडी करत म्हणाले. "पहिल्या स्मरणिकेच्या वेळी सगळं सांगितलं दयानंदला. तो म्हणाला, दामोदरअण्णा, कागदावर गोळ्या मारल्या हे काय छापायचं? एक ओळ छापली. मग पुढच्या वर्षी त्यांनीच काहीतरी घातलं. मी सांगायला गेलो, तर मला नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा म्हणून. पहिल्या रांगेत, सुचेता. आप्पांना कधी कुणी तिसऱ्या रांगेत बसवलं नव्हतं. मला वाटलं, बसू दे की. त्यांच्या वाटची खुर्ची आहे."

मला राग आला होता तो मामांचा नव्हता. चांगल्या माणसाला चांगला म्हणायला आपल्याला त्याच्या हातात मेलेला शत्रू का लागतो, याचा राग होता. पण तो घरात कुणावर काढणार? मी कुकर लावला.

पुढची बैठक मी आयुष्यात विसरणार नाही. फळ्यावर अण्णांनी 'सदुसष्टनंतर' असं लिहिलं आणि सगळे शत्रू शोधायला बसले. चीनचं युद्ध होऊन गेलं होतं. पाकिस्तानचं एक होऊन गेलं होतं, आणि एकाहत्तरचं कारखान्यात नकाशे काढत गेलं होतं. कुणी आणीबाणी सुचवली, तर दोन सभासद म्हणाले की आमच्या घरी आणीबाणी चांगली होती. एकाने दबक्या आवाजात सीमाप्रश्न म्हटलं. अण्णांनी धावत जाऊन दार लावलं. "येडा आहेस काय? हॉलची परवानगी अजून महापालिकेत आहे!"

"एक सुचवू?" मी उभी राहिले. "आप्पा उत्तम नेमबाज होते. मंडळासाठी राबले होते. 'रघुनंदन मांगूरकर सभागृह' एवढंच लिहा. काय कमी आहे त्यात?"

सगळ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "वहिनी," खजिनदार म्हणाले, "समोर तलवार आहे. तलवारीपुढं कागद फाडणारा माणूस कसा उभा करायचा?"

"आणि पत्रिका छापून झाल्यात," अण्णा म्हणाले. "'स्वातंत्र्यसैनिक' मोठ्या टाइपात आहे." मग ते फळ्याजवळ गेले आणि लिहिलेलं पुसून टाकलं. "आपण उलटं करतोय सगळं. माणूस बरोबर आहे. रिव्हॉल्व्हर चुकीचं आहे. तसंही पोलीस ठाण्यातनं सांगितलंय, ज्याचा परवाना त्याच्याच ताब्यात हत्यार पाहिजे, काचेत ठेवायचं नाही. मग दुसरं आणू की!"

दुसरं त्यांनी आणलंही. सर्जापूर रोडवर हॉटेलांच्या सजावटीचं सामान विकणारं एक दुकान आहे, जहाजाची चाकं, जुने कंदील, पितळी भोंगे. तिथून बिडाचं, न उडणारं, चांगलं जाडजूड रिव्हॉल्व्हर आलं. मुठीच्या तळाशी कडी होती. अण्णांनी ते क्षितिजसमोर ठेवलं आणि फार विचार करून प्रश्न विचारला, "हा नमुना कुठल्या काळातला?"

"नमुना पहिल्या महायुद्धाच्या काळातला आहे," क्षितिज म्हणाला, "पण हे—"

"बस्स. तेवढंच लिहून दे."

त्याने लिहून दिलं. अक्षर न् अक्षर खरं. मी त्याला गाठून विचारलं की असं कसं लिहिलंस, तर तो म्हणाला, "मला नमुना विचारला होता." हुशार माणसं नसती तर या देशात खोटं बोलणं किती अवघड गेलं असतं!

घरी मी मामांना म्हटलं, तुम्ही नाही म्हणा. एक शब्द म्हणा, मी पुढचं बघते. त्यांनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाले, "नाव तर लागेल गं. रघुनंदन. रघुनाथ नाही. एवढं तर बरोबर असंल."

पंधरा ऑगस्टला सभागृह भरून गेलं. दारावर पितळी अक्षरं होती, स्वातंत्र्यसैनिक रघुनंदनराव मांगूरकर सभागृह. नाव बरोबर होतं, मी दोनदा वाचलं. आत काचेची पेटी, मखमली उशीवर हॉटेलच्या सजावटीचं रिव्हॉल्व्हर, खाली पट्टी: 'इ.स. १९४२ च्या लढ्यातील.' आप्पा पुन्हा बेचाळीसात आले होते. भिंतीवर त्यांचं तैलचित्र होतं. चित्रकाराने त्यांना मिशा दिल्या होत्या आणि चष्मा काढून घेतला होता. आप्पांना चष्म्याशिवाय समोरची भिंत दिसत नसे.

मामांना पहिल्या रांगेत बसवलं, शाल घातली, मग मंचावर नेलं. अण्णांनी काचेची पेटी उघडली, ते बिडाचं धूड मामांच्या हातात दिलं आणि माइकवर म्हणाले, "ज्या हत्याराने इंग्रज थरथरला, ते आज रघुनंदनरावांचे चिरंजीव आपल्याला दाखवत आहेत. दामोदरअण्णा, दोन शब्द."

मामांनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. तिची मूठ त्यांच्या बोटांत बसत नव्हती. त्यांनी ती उशीवर परत ठेवली, अगदी हलक्या हाताने, आणि माइक जवळ घेतला.

"हे आप्पांचं नाही," ते म्हणाले. "आप्पांचं घरी आहे. आप्पा कुणाशी लढले नाहीत. कारखान्यात नोकरी केली, आणि रविवारी कागदावर नेम धरला. कुणाकडनं काही हिसकावलं नाही त्यांनी. लई चांगला नेम होता त्यांचा. आणि ह्या मंडळासाठी ते उन्हात उभे राहिलेत. ते चांगले होते. मला एवढंच सांगायचं होतं. आधी सांगायला पाहिजे होतं."

मी उभी राहिले होते. मला वाटलं, आता छप्पर कोसळेल. आणि मग अण्णांनी माइक हळूच आपल्याकडे घेतला. ते अगदी मनापासून बोलले, ते नाटक नव्हतं.

"बघा!" ते म्हणाले. "हे खरे स्वातंत्र्यसैनिकांचे संस्कार! बापाने पराक्रम केला आणि पोराला सांगितलं, मी फक्त कागदावर नेम धरतो! मरेपर्यंत श्रेय घेतलं नाही! आज कुठं बघायला मिळतो हा विनय?"

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. मामा मंचावरून उतरेपर्यंत लोक त्यांच्या पाया पडायला रांगेत उभे राहिले, आणि ते पाय मागे घेत, "नको, नको, खरंच नाही," असं म्हणत राहिले. जितकं नाही म्हणाले तितकी रांग वाढली.

ते कसेबसे अण्णांपर्यंत पोचले. मी मागोमाग होते. "दयानंद," ते म्हणाले, "ती पाटी काढ."

"काय दामोदरअण्णा, चेष्टा करता." अण्णा पाहुण्यांकडे बघून हसत होते.

"चेष्टा नाही. आप्पांचं नाव काढ तिथनं."

"ठराव एकमताने झालाय, अण्णा. काढायचा तर वार्षिक सभेत मांडायला लागतंय, आणि ती तर गेल्या महिन्यात झाली. आता पुढच्या वर्षी. मांडू की, सरी?"

मामांनी त्यांची बाही धरली. "त्या माणसानं जन्मात कागदाशिवाय कशावर नेम धरला नाही रे. घरात उंदीर सापडला तर पिंजरा घेऊन मैदानात सोडून यायचे. आणि तू त्यांना वर्षभर माणसं मारायला उभं करणार?"

अण्णांनी बहुधा ऐकलंही असेल. पण तेवढ्यात समूहछायाचित्रासाठी बोलावणं आलं. त्यांनी मामांचा हात प्रेमाने धरला आणि त्यांना नेऊन मधोमध, पाटीच्या बरोबर खाली उभं केलं. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात नारळ होता आणि दुसरा अण्णांनी धरला होता. मी पुढे झाले, तर फोटोग्राफरने मला हाताने बाजूला केलं.

"सूपर, सार," तो मामांना म्हणाला. "असंच राहा."